एकटेपणाच्या मेसेजबद्दल खुलासा

बीडकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : "म्हातारं माणूस एकटं राहिलं की वेड लागतंच, इलाज नाही." हे चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा जून 2025 चा अहवाल सांगतो, एकटेपणा जाणवणाऱ्यांना नैराश्याची शक्यता दुप्पट असते. शक्यता, खात्री नव्हे. नैराश्य म्हणजे वेड नव्हे. त्यावर उपचार आहेत. आणि एकटं राहणं वेगळं, एकटं वाटणं वेगळं. भरल्या घरातही माणूस एकटा असतो.

पोरं ऊसतोडीला गेली की आपल्याकडं कितीतरी आज्या महिनोन्‌महिने मागं राहतात. हा मेसेज ऐकून त्या झोप उडाल्याचंही कुणाला सांगणार नाहीत, याची मला भीती वाटते. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.