शिखर सर करायचंय? मग माझं ऐकाच

परत येऊन सतरा दिवस झाले. नाकाची सालं अजून निघतायत, उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, ते आज ना उद्या पडणार. आणि परवा ऑफिसला जाताना सिग्नलला थांबलो तर समोर हा भलामोठा फ्लेक्स. खाली मित्रमंडळाचे चौदा पासपोर्ट फोटो, वर कोपऱ्यात नगरसेवक, आणि मधे आमच्याच रोपवरचे (म्हणजे चढताना आमच्याच दोराला बांधलेले) एक साहेब, हातात आइस अ‍ॅक्स, डोळ्याला गॉगल. 'कांग यात्से शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यांच्या मागे जो डोंगर लावलाय तो लडाखमधला कांग यात्से १. ६४०० मीटरचा, चांगला टोकदार, फोटोत भारी दिसतो. आम्ही गेलो होतो कांग यात्से २ ला, म्हणजे त्याच्या शेजारच्याला. आणि सरबिर काही झालेलं नाही, ते पुढे सांगतो.

मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हाच ठरवलं, आता आपणही मार्गदर्शन करायचं. सगळेच करतात, आपण काय घोडं मारलंय.

तर सगळ्यात आधी शिखर निवडा. निवडताना फक्त आकडा बघायचा. पाच हजार काहीतरी म्हटलं की नातेवाईक नुसतं 'अरे वा' म्हणतात, सहा हजार म्हटलं की 'बापरे' म्हणतात, आणि आपल्याला बापरे हवंय. पूर्वी यासाठी स्टोक कांगरी होतं, लेहमधून दिसायचं, लोकांनी त्याची पार जत्रा करून टाकली आणि २०२० ला ते बंद झालं. मग सगळी वरात कांग यात्से २ कडे वळली. सव्वासहा हजार मीटर, मारखा व्हॅलीतून चालत जायचं, आणि रीलवाल्या मुलाने सांगितलेलंच आहे की नॉन-टेक्निकल आहे, कोणीही करू शकतं. त्या 'कोणीही'मधे आपण बसतोच.

मग एजन्सी. सगळ्यात स्वस्त ती घ्या. फोनवर प्रश्न विचारायचे ते असे: जेवणात पनीर असतं का, मोबाइल चार्ज होतो का, ड्रोन चालेल का, सर्टिफिकेट लॅमिनेट करून देता का. एका गाइडमागे किती माणसं, ऑक्सिजन सिलिंडर वर कॅम्पपर्यंत येतो की लेहच्या ऑफिसात शोभेला असतो, हवा बिघडली तर जादा दिवस धरलाय का, हे चुकूनही विचारू नका, त्यांना वाईट वाटतं. मी विचारलं होतं. माहितीपत्रकात तिनास एक गाइड होता, बेस कॅम्पला मोजले तर आम्ही पाच आणि गाइड एक. 'सर, असिस्टंट है ना.' असिस्टंट म्हणजे जो सकाळी पोहे करत होता तोच.

कोर्स करू नका. उत्तरकाशीला, दार्जिलिंगला, मनालीला जवळजवळ महिनाभराचा बेसिक कोर्स असतो, पाठीवर ओझं घेऊन पळवतात, पहाटे उठवतात, आणि बर्फावर घसरलं तर स्वतःला अ‍ॅक्सने कसं थांबवायचं ते अंगात भिनेपर्यंत करून घेतात. एवढी रजा कोण देतो? शिवाय तो गाइड आहेच की घसरायला.

तयारी: सिंहगड एकदा. वर कांदाभजी, मडक्यातलं दही, उतरताना जीप.

बूट लेहला भाड्याने मिळतात. शेवटच्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी जा, म्हणजे जो असेल तो नंबर घ्यावा लागतो आणि वाद राहत नाही. क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे खिळे) बुटाला बसतो का ते तिथे बघायचं नाही. ते रात्री बारा वाजता, उणे दहा-बारा डिग्रीत, हेडटॉर्चच्या उजेडात, ग्लोव्ह्ज काढून बघायचं असतं. माझं काळं नख ही त्या संध्याकाळचीच कमाई, त्यामुळे इथे मी अधिकारवाणीने बोलतोय.

झेंडे विसरू नका. देशाचा, महाराजांचा, कंपनीचा, सोसायटीचा. आमच्यात एकाकडे पतपेढीचा बॅनर होता, ठेवींवरच्या व्याजदरासकट.

आता अ‍ॅक्लमटायझेशन, म्हणजे शरीराला उंचीची सवय करणं. हे गाइड लोकांनी काढलेलं एक थोतांड आहे. लेहचं विमानतळ सव्वातीन हजार मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तिथे मुंबईहून काही तासांत उतरायचं आणि हे म्हणतात दोन दिवस नुसतं पडून राहा, पाणी प्या, दारू नको. मग पैसे कशाला भरले? पहिल्याच दिवशी बुलेट भाड्याने घ्या आणि खारदुंग ला गाठा, पाच हजार तीनशेच्या वर आहे, बोर्डाजवळ फोटो काढा, रात्री डोकं ठणकलं तर गोळी घ्या. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीनचार दिवसांनी एक दिवस थांबायचं, दिवसा वर जाऊन यायचं आणि रात्री खाली झोपायचं, हे सगळं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. पण डॉक्टरांना कुठे फ्लेक्स लावायचाय.

आणि हो, त्रास व्हायला लागला तर लपवायचा. हे नीट शिकून घ्या, यावरच सगळं अवलंबून आहे. रोज सकाळी गाइड ऑक्सिमीटर घेऊन येतो. त्याच्या आधी बोट चहाच्या गरम मगाला धरून ठेवायचं, चांगलं चोळायचं, आकडा चारपाचने तरी बरा येतो. डोकं दुखतं का? नाही. जेवलास का? दोन चपात्या (अर्धी खाल्लेली असते, बाकीची टेंटमागे टाकलेली असते). उलटी झाली? अ‍ॅसिडिटी, मला घरीपण होते. खोकला? धूळ आहे ना इथे. आमच्या साहेबांना वाटेतल्या थाचुंगत्से कॅम्पपासून कोरडा खोकला होता, पुढच्या नीमालिंगला पोचेपर्यंत चार पावलं टाकली की थांबत होते, आणि खिशात ओळखीच्या केमिस्टने दिलेली डेक्सा. म्हणजे डेक्सामेथासोन. ती मेंदूला सूज आली तर जीव वाचवायला, खाली उतरवता उतरवता द्यायची गोळी आहे. ती खाऊन वर चढलं की बरं वाटतं, शरीर मात्र उंचीला सरावलेलं नसतंच, फक्त ओरडायचं बंद होतं. घरात धूर झाला म्हणून अलार्मची वायर कापायची, त्यातला प्रकार. बेस कॅम्पला संध्याकाळी गाइडने त्यांना टेंटसमोर एका रेषेत, टाचेला बोटं लावून चालायला सांगितलं, हे तोल जातोय का ते बघायला करतात. पाचव्या पावलाला हलले. म्हणाले बूट जड आहेत. त्याने बूट काढायला लावले. कसेबसे चालले आणि वर हसून म्हणाले, 'भाई, सिंहगड डेढ घंटे में करता हूँ.' गाइड म्हणाला सर, आप कल रुक जाओ. त्यावर हे सुरू झाले, की मी पूर्ण पैसे भरलेत, तू मला थांबवणारा कोण, तुझ्या मालकाला फोन लाव. नेटवर्क नव्हतं हे नशीब का कमनशीब ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या पोराचं वय असेल तेवीस-चोवीस. झांस्करचा.

पाचातल्या एक मॅडम आधीच आजारी होत्या, त्यांच्याजवळ असिस्टंट थांबला. उरलो आम्ही चौघं आणि तो, एक रोप. रात्री बाराला निघालो. पहाटे साडेचारच्या सुमारास, ५७०० च्या आसपास असू, रोप मागून ताणला गेला. साहेब बर्फात बसलेले. उठेनात. बसल्या जागी धाप. गाइड खाली आला, त्यांच्या जॅकेटची चेन उघडली, पाठीला कान लावला, आणि एवढंच म्हणाला, 'नीचे.' रोप एक, गाइड एक, म्हणजे सगळे नीचे. पूर्वेला तांबडं फुटत होतं, वरची धार अशी स्वच्छ दिसत होती की माणसं मोजता आली असती. साहेब काय म्हणाले माहितीय? 'मी इथेच बसतो, तुम्ही जाऊन या.' वडापावच्या गाडीवर थांबल्यासारखं.

मग त्या पोराने त्यांना उतरवलं. बर्फ संपेपर्यंत पुढे स्वतः आणि मागे आम्ही रोप धरून, त्याच्या पुढे दगडधोंड्यांतून बराचसा पाठीवर. त्यांचं वजन पंच्याऐंशी तरी असेल, त्याचं साठ. त्याचं डाऊन जॅकेट यांच्या अंगावर, तो फ्लीसवर. बेस कॅम्पला सिलिंडर होता, अर्धा भरलेला. आणि तिथून रस्त्याला लागायची जवळची वाट गोंगमारू ला वरून जाते, ती खिंडच पाच हजाराच्या वर. फुफ्फुसात पाणी झालेल्या माणसाला आणखी चढवणार कसा? म्हणून घोड्यावर बसवून उलटं खाली, हांकर गावाकडे. संध्याकाळपर्यंत जसजसे उतरलो तसतसा त्यांचा श्वास सुटत गेला. यावर खरं औषध तेच, खाली उतरणं. हांकरला त्यांनी मॅगी मागितली.

आता कांग यात्से झालंच आहे (फ्लेक्सवर), तर पुढचं लक्ष्य एव्हरेस्ट ठेवा. नुसतं परमिट परदेशी माणसाला अकरा हजार डॉलर होतं, सप्टेंबर २०२५ पासून पंधरा हजार झालंय, आणि नेपाळला आपण परदेशीच. जमीन विका. नाहीतर २०१६ ला पुण्याच्या पोलीस दांपत्याने दाखवलेला मार्ग आहे, दुसऱ्याच्या समिट फोटोवर काम करायचं, फक्त पकडलं गेलं की नेपाळ बंदी घालतं, त्यांना दहा वर्षांची घातली. १९९८ ला पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्ट चढले, २०१२ ला पुण्याच्याच गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची टीम चढली, पण ती पडली जुन्या वळणाची माणसं, आधी वर्षानुवर्षं सह्याद्रीतले कडे चढत बसली. एवढा वेळ कोणाला आहे? तिथे खुंबू आइसफॉलमधे (बेस कॅम्पच्या वरची, भेगाळलेल्या बर्फाची उतरण) शिड्या लावणारे वेगळे, दोर बांधणारे वेगळे, तुमचा ऑक्सिजन, तुमचा टेंट, तुमचं सूप वाहणारे वेगळे. २०१४ ला १८ एप्रिलच्या सकाळी त्या आइसफॉलवर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा माणसं गेली. सोळाच्या सोळा नेपाळी, कामावर निघालेली. वरच्या कॅम्पसाठी सामान वाहत होती. कोणाचं सामान? ज्याने पूर्ण पैसे भरलेत त्याचं.

शेवटची टिप राहिली, आणि ती खरोखरची टिपच आहे. ती द्यायची नाही. आमच्या साहेबांनी दिली नाही. समिट झालं नाही ना, मग कशाबद्दल? शिवाय लेहच्या हॉटेलात, नाकाची ऑक्सिजनची नळी काढून दोन तास झाले नसतील, वायफाय मिळाल्याबरोबर एक स्टार दिला. मी वाचलाय. 'गाइड अननुभवी. विनाकारण परत फिरवलं. वागणूक उद्धट. रिफंड मिळालाच पाहिजे.' खाली सदतीस लोकांना तो रिव्ह्यू उपयुक्त वाटला.

विनाकारण?

अहो, तुमच्या पाठीला कान लावला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी बघितलंय, मी तुमच्या मागेच होतो रोपवर. अजून दोन तास वर गेला असतात तर फ्लेक्स लागलाच असता, फक्त वरचा मजकूर वेगळा असता आणि फोटोला हार असता. पैसे कसले भरलेत तुम्ही? पैसे भरून डोंगर विकत मिळतो का? त्या पोराला दिवसाचे जे काही मिळतात त्यात तुम्हाला पाठीवर घ्यायचं कुठे लिहिलं होतं? लाज वाटत नाही, मित्रमंडळाचे हार घालून घेताना? आणि मला लाज वाटतेच, कारण मी त्याच टेंटमधे झोपत होतो. दोन रात्री मी तो खोकला ऐकला, गोळ्यांची पट्टी फाडल्याचा आवाज ऐकला, आणि गाइडला एक शब्द बोललो नाही. कारण सांगितलं असतं तर मोहीम कदाचित तिथेच थांबली असती आणि मलाही वर जायचं होतं. म्हणजे मी काही फार वेगळा नाही. पण निदान एक स्टार दिला नाही मी.

लेहला बस स्टँडवर तो मला सोडायला आला होता. त्याच्या पुढच्या बॅचचं काम मालकाने दुसऱ्याला दिलं होतं, रिव्ह्यू बघून. त्याबद्दल एक शब्द नाही. बॅग टपावर टाकली, दोरी बांधली आणि विचारलं, 'सर, वो साब का खाँसी ठीक हुआ?' मला सांगता येईना, कारण तुम्ही तोवर ग्रुप सोडला होतात.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. रिव्ह्यू आज काढा आणि त्याला फोन करा. संध्याकाळी सातनंतर लागतो.