‘देवाचं प्रेम सुखी माणसांनाच परवडतं’ या कमेंटला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट आली तेव्हाच वाचली होती, पण ‘प्रार्थनेत आठवण ठेवते’ असं दोन ओळीत लिहून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून वेळ घेतला आणि आता हे एवढं लांबलंय की कमेंटमध्ये मावत नाहीये, वेगळी पोस्टच टाकतेय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते, नीट मांडलं नसेल तर खाली झापा. मी बायबलमधलं स्तोत्र १३६ आणि विलापगीत ३ घेऊन लिहिलं होतं की देवाची दया संपत नाही, तिच्यावर भरवसा ठेवा. त्यावर तुम्ही म्हणालात की हे असलं बोलणं ज्यांचं बरं चाललंय त्यांनाच परवडतं. तुमच्या घरातल्या माणसासाठी सगळ्या मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, प्रार्थना केली, उपास केले, तरी ते माणूस गेलं, आणि वर कोणीतरी तुम्हाला तोंडावर ऐकवलं की विश्वास कमी पडला असेल. शिवाय स्तोत्र १३६ मध्ये मिसरातली (इजिप्तमधली) पहिली मुलं मारल्याबद्दलही ‘त्याची दया सनातन आहे’ म्हटलंय, ही कसली दया? तारण, म्हणजे पापातून सुटका, नुसत्या विश्वासाने फुकट मिळत असेल तर आज वाट्टेल ते करा आणि उद्या सॉरी म्हणा, एवढंच ना? आणि मी गोड गोड वचनं वेचून लिहिते.

वेचून लिहिते या आरोपापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं त्यातूनच निघेल. विलापगीतातलं ते वचन, ‘आम्ही भस्म झालो नाही ही परमेश्वराची दया होय’, कॅलेंडरवर फुलांच्या फोटोखाली छापतात म्हणून ते आपल्याला गोड वाटायला लागलंय, हे अगदी खरंय. पण ते लिहिलं गेलं कधी? इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने यरुशलेम घेतलं, मंदिर जाळलं, लोकांना धरून नेलं, वेढ्यात अशी उपासमार झाली की आयांनी स्वतःची लेकरं शिजवली असं त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सरळ लिहिलंय. तिसऱ्या अध्यायाची सुरुवात वाचा, हा माणूस म्हणतो देव माझ्यावर अस्वलासारखा दबा धरून बसलाय, मी ओरडतो तर माझी प्रार्थना तो आत येऊच देत नाही, माझे दात त्याने खड्यांनी पाडले. हे सगळं बोलून झाल्यावर बावीसाव्या ओळीत ती दया येते. आणि मला सगळ्यात जास्त धरून ठेवते ती गोष्ट पुढेच आहे, चव्वेचाळिसाव्या ओळीत तोच माणूस पुन्हा म्हणतो की आमची प्रार्थना पोचू नये म्हणून तू स्वतःला ढगाने झाकून घेतलंस. म्हणजे ‘करुणा रोज सकाळी नवी होते’ हे म्हणून झाल्यावर सुद्धा ढग तसाच आहे, गेलेला नाही. आणि पुस्तक संपतं ते कशावर, तर तू आम्हाला अगदीच टाकून दिलंयस का, आमच्यावर एवढा रागावलायस का, या सुरावर. शास्त्र गोळा करणाऱ्यांना तिथे एखादी गोड ओळ जोडता आली असती की, कोणीच जोडली नाही.

स्तोत्र ८९ तर अजून कडक. पहिली ओळ, मी परमेश्वराच्या दयेची गीतं सदा गाईन. सदतिसाव्या ओळीपर्यंत दाविद राजाला दिलेली वचनं, शपथा, सगळं छान, आणि मग एकदम ‘पण तू तर झिडकारलंस’, आणि एकोणपन्नासाव्या ओळीत थेट प्रश्न, प्रभू, तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली? हेच तुम्ही मला विचारलंत ना? मग तुमची कमेंट शास्त्राच्या विरोधात आहे असं मी कशी म्हणू, ती तर स्तोत्रसंहितेत शोभेल अशी आहे. सुखी माणसांनी हे लिहिलंय असं वाटत असेल तर एकदा ती पुस्तकं सलग वाचून बघा, एवढंच म्हणेन.

आता ‘विश्वास कमी पडला’ याबद्दल. ज्यांनी कोणी हे तुम्हाला सांगितलं त्यांचा हेतू चांगला असेल, नसेल, मला माहीत नाही, पण हे लॉजिक शास्त्रात टिकत नाही. येशूने पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत तीन वेळा तीच प्रार्थना केली, शक्य असेल तर हा प्याला (म्हणजे हे मरण) माझ्यावरून टळू दे. नाही टळला. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? प्रेषित पौलाने शरीरातला तो काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलासा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे आहे, काटा राहिलाच. प्रेषितांची कृत्ये १२ काढा. हेरोद राजा येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, मग दुसरा शिष्य पेत्र याला पकडतो, आणि पेत्रासाठी देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. एकच मंडळी, एकच राजा, एकच अध्याय. ते पुस्तक लिहिणारा लूक कुठेही म्हणत नाही की याकोबासाठी प्रार्थना ढिली झाली होती, तो कारणच देत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने काय काय झालं त्याची यादी आहे, त्यात कोणी तलवारीच्या धारेपासून वाचले असं येतं आणि तीन ओळी पुढे कोणी तलवारीने मारले गेले असं येतं, आणि शेवटी दोघांच्याही विश्वासाला सारखीच पावती. त्या यादीत वाचलेले पास आणि मेलेले नापास अशी दोन खाती नाहीयेत, ती आपण काढलीत, आणि खरं सांगायचं तर आपल्या साक्षींच्या (देवाचे अनुभव सांगायच्या) सभांनी काढलीत, कारण तिथे बरे झालेल्यांनाच माईक मिळतो.

मग देवाची दया विश्वासू आहे म्हणजे नक्की काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे, कारण काहीही झालं तरी ‘दयाच आहे’ म्हणायचं असेल तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही. इथे मला परत गेथशेमाने लागतं. इब्री ५:७ मध्ये लिहिलंय की येशूने मोठा आक्रोश करत, रडत, आपल्याला मरणातून तारायला जो समर्थ आहे त्याच्याकडे विनवण्या केल्या आणि त्याचं ऐकण्यात आलं. ऐकण्यात आलं? अहो दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता, आणि तिथून ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं ओरडला, जी स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे, म्हणजे मरतानाही त्याच्या तोंडात तक्रारीचं स्तोत्रच होतं. तर त्याचं ऐकलं ते मरण टाळून ऐकलं नाही, मरणाच्या पलीकडे ऐकलं, तिसऱ्या दिवशी त्याला उठवून. ख्रिस्ती माणसाचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर उभा आहे आणि ती पडली तर सगळंच पडतं, हे मी म्हणत नाही, पौल म्हणतो, १ करिंथ १५ मध्ये, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे आणि या आयुष्यापुरतीच आपली आशा असेल तर आपल्याएवढं लाचार कोणी नाही. एवढी मोठी रिस्क तो उघड घेतो. म्हणून मी तुम्हाला ‘सगळं ठीक होईल’ असं लिहिणार नाही, तसं वचन मला कुठे दिसत नाही. मला दिसतं ते रोमकरांस पत्र ८ मधलं, की क्लेश, उपासमार, नग्नता, तलवार यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करणार नाही. या गोष्टी येणारच नाहीत असं तो म्हणत नाही, नावं घेऊन घेऊन यादी करतो, आणि पौलाने त्यातल्या बऱ्याच स्वतः भोगलेल्या, पाच वेळा चाबकाचे एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा जहाज फुटलं. हे ऐकून तुमचं दुःख कमी होईल असं मला वाटत नाही, पण हे सुखवस्तू माणसाचं बोलणं नाहीये एवढं तरी मान्य करा.

स्तोत्र १३६ चा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. त्या ओळीपाशी मीही अडखळते आणि मोठ्याने वाचताना आवाज खाली येतो. एवढं सांगू शकते की ते गाणं गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचं आहे, ज्यांच्या नवजात मुलांना नदीत फेकायचा हुकूम त्याच फारोच्या घराण्याने काढला होता, निर्गम १ मध्ये आहे, आणि छळणाऱ्याचा हात मोडला ही त्यांच्यासाठी दयाच होती, दुसऱ्या कशाला त्यांनी दया म्हणायचं? पण मिसरातल्या त्या मुलांचं काय, हा प्रश्न उरतोच, मी तो झाकत नाही. फक्त शास्त्रसुद्धा तिथे थांबत नाही हे बघा. योना या संदेष्ट्याचं पुस्तक घ्या, देव त्याला निनवेला पाठवतो तर तो पळतो, निनवे म्हणजे शत्रूचं क्रूर शहर, देव त्या शहराला क्षमा करतो आणि योना चिडतो, म्हणतो मला माहीतच होतं तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो! जी ओळ इतरांनी स्तुतीत म्हटली ती हा देवाच्या तोंडावर तक्रार म्हणून फेकतो. आणि देव शेवटी त्याला विचारतो, उजवा डावा हात न कळणारी १,२०,००० पेक्षा जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं, मी त्यांची कीव करू नको का? पुस्तक तिथेच संपतं, योनाचं उत्तर नाही. (गुरांचा उल्लेख मला फार आवडतो, का ते विचारू नका.) तर दया आपल्यापुरतीच असावी असं वाटणाऱ्यांचे कान शास्त्रच उपटतं.

तारण फुकट, मग मजा करा. हा आक्षेप पौलाच्या हयातीतच आला होता, रोम ३:८ मध्ये तो म्हणतो की आम्ही असं शिकवतो अशी लोक आमची निंदा करतात, आणि सहाव्या अध्यायात स्वतःच प्रश्न टाकून ‘मुळीच नाही’ म्हणतो. जक्कय आठवा, लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू आधी म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचंय, तेव्हा जक्कयने एक पैसाही परत केलेला नाही. नंतर तो उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. हा क्रम उलटा केला की तो धंदा होतो, आणि दुसरा भाग गाळला की तुम्ही म्हणता ते होतं. देवाला सॉरी म्हणून ज्याचं नुकसान केलं त्याला टाळायची सोय येशूने ठेवलेलीच नाही, मत्तय ५ मध्ये तो म्हणतो अर्पण वेदीपाशी तसंच सोड, आधी जाऊन भावाशी समेट कर. हां, येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराला परत करायला वेळच नव्हता, हात खिळलेले, आणि त्यालाही ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ मिळालं. हे अन्यायाचं वाटतं का? मला वाटायचं. आता असं वाटतं की शेवटच्या तासाला काहीच देता येत नसलेल्या माणसाला जर जागा नसेल तर मग ती कृपा मला तरी कशी पुरणार.

आणि तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की तारण तुमच्या विश्वासाच्या वजनावर लटकत नाहीये. २ तीमथ्य २:१३, आपण अविश्वासी झालो तरी तो विश्वसनीय राहतो. (वेचून घेते म्हणाल म्हणून सांगते, त्याच्या आधीच्याच ओळीत नाकारणाऱ्यांना कडक इशारा आहे. पण येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला नंतर तळ्याकाठी येशूने काय विचारलं ते योहान २१ मध्ये वाचा.) तुम्ही लिहिलंत की आता प्रार्थना करायला बसलं की शब्दच फुटत नाहीत. मग करू नका, निदान आभारापासून तरी सुरू करू नका. स्तोत्र ८८ वाचा, ते काळोखात संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही, आणि तरी ती प्रार्थना आहे कारण सगळं बोलणं त्याच्याशीच चाललंय. लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघीही येशूला एकच वाक्य ऐकवतात, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. निरोप मिळूनही तो मुद्दाम दोन दिवस थांबला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. त्याने एकीशी बोलणं केलं, दुसरीबरोबर रडला, पण तुमचा विश्वास कमी पडला असं दोघींनाही म्हणाला नाही.

राहिले ते तुम्हाला ऐकवणारे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात ना, पहिले सात दिवस गप्प बसले तेव्हा शहाणे होते, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, पानंच्या पानं देवाची बाजू मांडत बसले की तूच काहीतरी केलं असशील. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटी देवाचा राग पेटला तो त्या मित्रांवर, ‘माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत’, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावलं ते ईयोबालाच. ईयोब ४२:७-८ ला आहे. पुन्हा कोणी विश्वास मोजायला आलं तर ते पान उघडून समोर धरा, प्रेमाने धरलंत तर उत्तमच, रागाने धरलंत तरी माझी काही हरकत नाही.