शब्दाची जात कळवावी

मी वॉशिंग मशीनचं मराठी करते. मशीन कारखान्यातून तयार होऊनच येतं, त्याच्यासोबत मोबाइलवर जे अ‍ॅप मिळतं त्यातली इंग्रजी बटणं आणि सूचना मी मराठीत आणते. लोकांना वाटतं हे फार सोपं काम असणार. मलाही वाटलं होतं. गेल्या महिन्यात बंगळुरूच्या एका कंपनीकडून एक्सेलची फाइल आली. ४१२ ओळी, आणि जवळपास प्रत्येक ओळीत एकच शब्द. ना चित्र, ना मागचा-पुढचा संदर्भ. म्हटलं, चला, दुपारच्या चहापर्यंत उरकेल.

चहाचे दोन कप झाले तरी मी पहिल्याच ओळीवर होते. तिथे लिहिलं होतं, ‘एम्प्टी’.

आता हे मशीन मला माहिती देतंय की हुकूम सोडतंय? ‘रिकामं आहे’ की ‘रिकामं करा’? समजा माहिती देतंय, तर रिकामं काय आहे? ड्रम असेल तर रिकामा, टाकी असेल तर रिकामी, भांडं असेल तर रिकामं. इंग्रजीला यातलं काहीच विचारावं लागत नाही. ती एकदा ‘एम्प्टी’ म्हणते आणि हात झटकून मोकळी होते. मी बंगळुरूला मेल टाकली, ‘हा शब्द क्रियापद आहे की विशेषण?’ दोन तासांनी उत्तर आलं.

‘यस.’

मी पुन्हा लिहिलं. या वेळी अ आणि ब असे पर्याय पाडून, ‘योग्य पर्यायाखाली रेघ ओढा’ एवढंच काय ते लिहायचं बाकी ठेवलं. उत्तर आलं की कृपया जसंच्या तसं भाषांतर करावं.

आमच्या सासूबाईंनी शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलंय. निवृत्त झाल्या, पण व्याकरण काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. भाजी निवडता निवडता त्या माझी बडबड ऐकत होत्या. म्हणाल्या, “अगं, पण आधी शब्दाची जात सांग.”

“तीच तर कळत नाहीये, आई.”

“जात कळत नाही म्हणजे काय? आठ तर आहेत!” आणि बोटांवर सुरू झाल्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, मग तीन अव्ययं. शेवटच्या केवलप्रयोगी अव्ययाला त्यांनी मेथीची जुडी टोपलीत आपटली.

त्यांचा दोष नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून आपण शब्दांना कप्प्यांत बसवतोय. गंमत अशी की यास्काचं निरुक्त, म्हणजे शब्दांची उकल करणारा प्राचीन संस्कृत ग्रंथ, नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात या चारच कप्प्यांत भागवतं. आठ कप्प्यांचं हे कपाट इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आपल्याकडे आलं. आणि ज्यांच्याकडून आलं, त्यांचे शब्द मात्र रात्री कुठल्या कप्प्यात झोपतात आणि सकाळी कुठून उठतात, याचा पत्ता नाही. ‘राउंड’चंच बघा. गोल, फेरी, वळसा घालणे, भोवती, सभोवार. पाच कप्प्यांत राहतो, आणि भाडं एकाचंही देत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेम म्हणजे ‘लुवू’ आणि प्रेम करणं म्हणजे ‘लुवियन’. शेपटी बघून जात कळायची, आपल्यासारखीच. पुढच्या काही शतकांत बोलता बोलता शेपट्या झिजल्या, आणि उरलं नुसतं ‘लव्ह’. करा किंवा पडा, शब्द तोच. इंग्रजांनी शेपट्या हरवल्या आणि त्याचा भुर्दंड आज ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर बसून मी भरतेय.

शरीराचा एक अवयव म्हणून त्या लोकांनी सोडलेला नाही. डोकं, तोंड, खांदा, पाठ, कोपर, अंगठा, सगळ्यांना क्रियापदाच्या कामाला जुंपलंय. बिल भरायचं तर म्हणे बिलाला ‘फूट’ करायचं. आपण बिलाला पाय लावला तर हॉटेलवाला बाहेर काढेल. आपल्याकडे अवयव असा एकटा कामाला जात नाही, त्याला सोबत लागते. नाक मुरडायला मुरडणं लागतं, कान भरायला भरणं लागतं, आणि डोकं खायला तर घरातलं माणूसच लागतं.

हे मी मोठ्यानं म्हणाले आणि फसले. आईंनी लगेच सुनावलं, “मग डोकावणं काय असतं? हाताळणं? लाथाडणं? डोळे पाणावले, हे काय आहे?” खरंच की. डोक्याचं क्रियापद आपणही करतो. पण शेपटी लावून करतो. ‘डोकावणे’कडे बघून कोणी ते अंगावर मिरवायचं डोकं समजत नाही. आईंना हे पटलं असावं, कारण त्या काही न बोलता कोथिंबिरीकडे वळल्या.

कंपनीनं मदत म्हणून शेजारच्या रकान्यात संगणकानं केलेलं कच्चं भाषांतर दिलं होतं. तिथवर मी पाहिलंच नव्हतं. मशीनला टायमर असतो, त्यासाठी वारांची इंग्रजी लघुरूपं होती. रविवारच्या जागी होतं ‘सूर्य’. ठीक, चुकलं पण घराणं तेच. बुधवारच्या जागी ‘लग्न करा’. शनिवारच्या जागी ‘बसला’. मी खाली महिन्यांकडे गेले. मार्च महिना ‘कूच करा’ झाला होता, आणि मे महिना ‘शकतो’. म्हणजे १५ मार्चच्या बुधवारी रात्री दहाला चादरी धुवायला लावल्या, तर पडद्यावर दिसणार, ‘लग्न करा, १५ कूच करा, रात्री १०, जड.’ एखाद्या मुलीचे वडील हे अ‍ॅप ताबडतोब डाउनलोड करतील.

‘लाइट’ हा शब्द सहा ओळींत होता. तो दिवा असू शकत होता, हलकी धुलाई असू शकत होता, फिकट रंगाचे कपडेही असू शकत होता. म्हटलं, आपल्याच घरातल्या मशीनवर बघावं. तिथे गेले तर इंग्रजी अक्षरं दिसतच नव्हती. आईंनी प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर मार्करनं लिहून ठेवलं होतं. ‘साड्या.’ ‘टॉवेल.’ ‘याचे शर्ट.’ आणि शेवटच्या बटणाखाली, ‘हे दाबू नये.’ चार वर्षं आमचं मशीन या भाषांतरावर बिनतक्रार चाललंय. हेच टाइप करून बंगळुरूला पाठवावं असा मोह मला झाला, पण ‘याचे’ म्हणजे कोणाचे, असा प्रश्न त्यांच्याकडून आला असता. खरं तर आलाही नसता. ‘यस’ आलं असतं.

मग आला ‘ओपन’. आठ वेळा. आमच्या धंद्यातली एक मेख सांगते. तोच शब्द पुन्हा आला की त्याचे पैसे मिळत नाहीत. एकदा मराठी केलं की सॉफ्टवेअर ते बाकीच्या सगळ्या ठिकाणी आपणहून भरतं, आणि हिशेबात तेवढे शब्द वजा होतात. सॉफ्टवेअरच्या मते ‘ओपन’ म्हणजे ‘ओपन’. आता यातला कुठला दार उघडायचा हुकूम होता आणि कुठली दार उघडं राहिल्याची तक्रार होती, हे मला कोण सांगणार? कोशात पाहण्यात अर्थ नव्हता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६००हून अधिक अर्थ आहेत, आणि ‘रन’ माझ्या फाइलमध्ये २८७व्या ओळीवर दबा धरून बसला होता.

रात्री साडेअकराला, दात घासताना, मला साक्षात्कार झाला. उघडा!

दरवाजा उघडा. म्हणजे तुम्ही तो उघडा. आणि दरवाजा उघडा, म्हणजे तो उघडाच आहे. क्रियापद हवं तर क्रियापद, विशेषण हवं तर विशेषण. एका दगडात आठ ‘ओपन’. तोंडात फेस तसाच ठेवून मी आईंच्या खोलीकडे धावले. त्या अंथरुणात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माळ थांबवून त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“छान,” त्या म्हणाल्या. “आणि वरून कपडे टाकायचं मशीन असेल तर? त्याला दरवाजा नसतो, झाकण असतं. झाकण उघडा, पण झाकण उघडं.”

मी परत बेसिनकडे गेले.

सकाळी मेल टाकली, ‘मशीनला दरवाजा आहे की झाकण?’ उत्तर काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. शेवटी आठही ओळी मी एकेक करून सोडवल्या. कुठे ‘उघडा’, कुठे ‘उघडं आहे’, आणि ज्या दोन ओळी मुळीच उलगडेनात तिथे सरळ ‘ओपन’ असं देवनागरीत लिहून टाकलं. एरवी आपण तेच तर करतो. शब्द इंग्रजी घ्यायचा आणि मागे करणे, होणे किंवा मारणे लावायचं. सेट करा, हँग झालं, रिचार्ज मार. आईंच्या शुद्धलेखनाच्या तासाला हे चालणार नाही, पण रिक्षावाला ‘बॅक मारतो’ म्हणाला तर तो पाठीत धपाटा घालणार नाही, हे सगळ्यांना कळतं.

या सगळ्यात फाइल दोन दिवस उशिरा गेली. करारात एक कलम होतं की उशीर झाल्यास मोबदल्यातून दहा टक्के दंड. म्हणून मी सोबत सविस्तर मेल लिहिली. एकच शब्द आठ ठिकाणी आठ वेगळ्या तऱ्हेनं कसा सोडवावा लागतो, त्यात वेळ कसा जातो, त्यामुळे उशीर समजून घ्यावा आणि आठही वेळचे पैसे द्यावेत. चांगली दीड पानं झाली. आईंनी वाचून दोन स्वल्पविरामही घातले, इंग्रजीत.

काल संध्याकाळी उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं.

“काय म्हणतायत?” आईंनी विचारलं.

“फाइन म्हणतायत.”

आईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “अगं, पण नाम की विशेषण?”