गाडी शेवटी घ्या, आधी जागा शोधा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "आत्या, फूड ट्रकचं नक्की केलं. गाडी बघून ठेवलीय, सोमवारी बुकिंगचे पैसे भरतो." मी विचारलं, "उभी कुठे करणार?" तर म्हणाला, "ते बघू गं, फिरती गाडी आहे, जिथे गर्दी तिथे जाऊ."

त्या उत्तराने मला रात्री झोप लागली नाही. म्हणून हे लिहितेय. त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखं ठरवून बसलेल्या प्रत्येकासाठी.

मी मूळची जळगावकडची. लग्नानंतर पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात आले. लॉकडाऊननंतर ह्यांची नोकरी गेली आणि 2021 मध्ये आम्ही जुना छोटा हत्ती घेऊन शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीची गाडी सुरू केली. आमच्याकडची हजारो माणसं इथे कंपन्यांत कामाला आहेत, गावाकडच्या जेवणासाठी आसुसलेली. धंदा चालणार याची मला खात्री होती, आणि तो चाललाही. पण पहिले आठ महिने आम्ही जे सोसलं, ते सगळं एकाच गोष्टीमुळे: गाडी आधी घेतली आणि जागेचा विचार नंतर केला.

फिरती गाडी फिरवायची नसते, हे कळायलाच आम्हाला चार महिने गेले. आज या चौकात, उद्या त्या कॉलेजसमोर, रविवारी बागेपाशी. शेवभाजी आवडलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच जागी यायचा आणि आम्ही तिथे नसायचो. कंपनीतल्या कामगाराला जेवायला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात तो तुम्हाला शोधत बसणार नाही. बरं, एके ठिकाणी थांबावं तर तिथून उठवायचे. कुणाच्या दुकानासमोर सावली पडते म्हणून, कुठे सोसायटीचं फाटक जवळ म्हणून. एकदा तयार तर्रीचं पातेलं, मळलेलं पीठ, सगळं तसंच घेऊन दुपारी एक वाजता परत आलो. त्या दिवशीचं नुकसान साडेतीन हजारांचं होतं. घरी येऊन मी किती रडले, ते माझं मला माहीत.

शेवटी एका वर्कशॉपच्या मालकाने त्याच्या फाटकाच्या आतली मोकळी जागा भाड्याने दिली. रीतसर करार केला, वीज-पाण्यासकट. त्या महिन्यापासून गल्ला बदलला. पदार्थ तेच, हात तेच, फक्त जागा ठरली.

म्हणून भाच्याला सांगितलं, गाडीचे लाखो रुपये आत्ता हलवू नकोस. आधी तीन महिने टेबल आणि दोन शेगड्या घेऊन एका ठरलेल्या जागी, मालकाच्या परवानगीने उभा राहा. पावसाळ्याचा एक महिना त्यात असलाच पाहिजे. पावसात संध्याकाळचं गिऱ्हाईक कसं आटतं, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय हप्त्याचा आकडा ठरवूच नये.

पदार्थांचंही तसंच. लोक चवीचा विचार करतात, वेळेचा करत नाहीत. शेवभाजी गाडीसाठी देवाने घडवल्यासारखी आहे: काळ्या मसाल्याची तर्री सकाळीच तयार, शेव ताट वाढताना टाकायची. आधी टाकली की लगदा होतो. पण भाकरी? एका तव्यावर तासाला वीस-बावीस होतात. ताटात दोन धरल्या तर दोन तव्यांवर तासाला वीस ताटं. आणि रांगेत पन्नास माणसं, सगळ्यांना अर्धाच तास! पहिल्या आठवड्यात निम्मे लोक उपाशी परत गेले. मग तिसरा तवा घेतला, मदतीला शेजारच्या वहिनी आल्या, साडेअकरापासून भाकऱ्या थापून कापडात गुंडाळून ठेवू लागलो. ज्वारीत उडीद असल्यामुळे कळण्याची भाकरी मऊ राहते, हे नशीब. हिवाळ्यात भरीत ठेवतो, तेही गावाकडची हिरवी वांगी आली तरच. बाकी काही नाही. बारा-पंधरा पदार्थांची पाटी लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तीनच ठेवा.

कागदपत्रांना घाबरू नका. अन्न परवान्याची साधी नोंदणी आम्ही केली तेव्हा वार्षिक उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर वर्षाला 100 रुपये शुल्क होतं. पाच वर्षांचे 500 एकदमच भरले. सिलिंडर मात्र 19 किलोचा व्यावसायिकच घ्या. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, आणि पत्र्याच्या बंद खोक्यात तीन बर्नर पेटलेले असताना गॅसशी खेळ नको. आग विझवायचं नळकांडं दाराशी हवं, आत कोपऱ्यात नाही. आणि गाडीच्या बॉडीत फेरफार करण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याने "काही लागत नाही" म्हणून खिडकी कापून दिली. पुढे पासिंगला गाडी अडली आणि तीन आठवडे धंदा बंद राहिला.

आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचंय ते. फूड ट्रकवाली मुलं स्वतःला हातगाडीवाल्यांपेक्षा वेगळी समजतात. रंगवलेली गाडी, दिव्यांच्या माळा, इन्स्टाग्रामवर पान. पण रस्त्यावर उभं राहिल्यावर आपला आणि वडापावच्या गाडीवरच्या मावशींचा प्रश्न एकच असतो. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली केंद्राचा कायदा झाला. शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्रीसाठी आखलेले विभाग. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असंही त्यात लिहिलंय. मी हे सगळं वाचलं तेव्हा आमच्या गाडीला दोन वर्षं झाली होती. इतकी वर्षं उन्हात उभ्या असलेल्या त्या मावशींना तर कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी हा कायदा वाचून त्यांना समजावला, समितीच्या निवडणुकीला त्यांच्यासोबत उभं राहिलं, तर जागा सगळ्यांना मिळेल. एकट्याने कुणाची तरी ओळख काढून मिळवलेली जागा ती ओळख असेपर्यंतच टिकते. हे मी जवळून बघितलंय.

आणि हो, या कायद्याचं प्रमाणपत्र स्वतः किंवा घरच्यांनी मिळून धंदा करणाऱ्याला मिळतं, ते दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. नोकरी सांभाळून माणसं ठेवून गाडी चालवू, असा बेत असेल तर तो वेगळा धंदा आहे, त्याची गणितं वेगळी मांडा.

भाच्याने सोमवारचं बुकिंग थांबवलंय. शनिवारी पहाटे चारला तो माझ्याकडे येतोय, पीठ मळण्यापासून रात्री गाडी धुण्यापर्यंत सोबत राहणार आहे. येताना भरताची दहा किलो वांगी आणायला सांगितलीयत.