महागाई निर्देशांक लावलेला कोट

"म्हणजे तुम्ही पगार घेता? बेघरांच्या पैशातून?"

परवा एका काकांनी हे विचारलं. बेघर निवारा चालवणाऱ्या सांगलीतल्या एका संस्थेत मी हिशेब लिहिते. घेते पगार. किती, ते सांगितलं असतं तर पोत्यातला एखादा कपडा त्यांनी मलाच दिला असता.

हो, पोतं. मार्चचा शेवटचा आठवडा, बँकेचा जुळणीतक्ता काही केल्या जुळेना, आणि काकांनी ते पोतं नेमकं व्हाउचरांच्या गठ्ठ्यावर आपटलं. "मॅडम, एटी-जीची पावती करा. पंधरा हजाराची. नाव नीट लिहा, मागच्या वर्षी देवळानं चुकवलंय." एटी-जी म्हणजे आयकराचं कलम ८०जी, देणगीवर करात वजावट देणारं.

"काका, वस्तूंवर ही पावती होत नाही. फक्त पैशांवर होते. रोख असेल तर दोन हजारांपर्यंतच. त्यापुढं चेक नाहीतर ऑनलाइन."

"कोण म्हणतंय?"

"कायदा."

"आमचा भाचा पुण्यात सीए आहे."

संपलं. प्रत्येक देणगीदाराचा एक भाचा पुण्यात सीए असतो, आणि ऐन मार्चअखेरीला तो पहिल्या रिंगला फोन उचलतो. स्पीकरवरून भाचा म्हणाला, "मामा, त्यांच्या १०बीडी फॉर्ममध्ये 'काइंड' असा पर्याय असतोय. बघायला सांगा त्यांना."

आता गंमत अशी की भाचा खोटं बोलत नव्हता. २०२१-२२ पासून संस्थांना देणगीदारांची यादी या १०बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याला द्यावी लागू लागली. नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, रक्कम, देणगीचा प्रकार, आणि ती कशी दिली. त्या 'कशी'च्या खाली रोख, बँकेतून आणि वस्तुरूप (तोच 'काइंड') असे पर्याय आहेत. म्हणजे फॉर्म विचारतो, वस्तू दिली का? आणि कलम ८०जीचं पाचवं स्पष्टीकरण सांगतं, वस्तू दिली असेल तर वजावट शून्य. ही यादी ३१ मेच्या आत भरायची, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये, आणि त्यातला एक पॅन चुकला तरी शिव्या मला.

हे सगळं काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग काइंड टाका की. मी काय इमारत दिलीय म्हणतोय का?" आणि त्यांनी पोत्यातून कोट काढला.

लग्नातला कोट. गडद तपकिरी, खांद्यांत गाद्या, आतल्या खिशात कुणाच्या तरी बारशाची पत्रिका. "हा मिरजेत शिवलाय. अठ्ठ्याऐंशी साली. कापड धरून साडेआठशे. आता त्याला महागाई निर्देशांक लावा."

मी पेन खाली ठेवलं. निर्देशांक, म्हणजे जुन्या खरेदीची किंमत आजच्या भावात आणणारा आकडा, जमिनीला लावतात, घराला लावतात, तेही २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या. अंगावरचे कपडे आयकर कायदा भांडवली मालमत्तेत धरतच नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. आणि लावायचाच म्हटला तर तो तक्ता २००१-०२ ला १०० धरून सुरू होतो. तेव्हा त्या वर्षीचा कोटाचा बाजारभाव आधी काढावा लागेल, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकार. "काका," मी म्हटलं, "कोटाला निर्देशांक नाही, घसारा लागतो."

"घसारा कशाला? मी एकदाच घातलाय!"

यावर खरंच उत्तर नाही. कोट बाजूला ठेवून त्यांनी एकेक नग मोजायला सुरुवात केली. साड्या तीन, फॉल सुटलेल्या. शाळेचा टाय. उशीचे अभ्रे, एक बाही उसवलेला स्वेटर, आणि एक बूट. डावा. "दुसरा सापडला की आणून देतो," काका म्हणाले, "तोवर अर्धी किंमत धरा."

शेवटी मी विचारलं, "काका, तुम्ही रिटर्न कुठल्या पद्धतीत भरता? जुन्या की नव्या?"

"नव्या. भाच्यानंच केलंय."

नव्या करपद्धतीत ८०जी मिळतच नाही. कोटावर नाही, रोखीवर नाही, लाखाच्या चेकवरही नाही. स्पीकरवर भाचा गप्प. मग फोन कट झाला, म्हणे रेंज गेली. आणि तेव्हा काकांनी माझ्याकडं नीट पाहून तो पगाराचा प्रश्न विचारला.

लागला तो. अजून लागतोय. कारण असं विचारणारे काका एकटे नाहीत.

सार्वजनिक न्यासाच्या हिशेबात, अनुसूची नऊच्या उत्पन्न-खर्च पत्रकात, 'आस्थापना खर्च', म्हणजे संस्था चालवण्याचा, वेगळा आणि 'न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च' वेगळा दाखवतात. देणगीदार पत्रक उघडतो आणि थेट आस्थापनेवर बोट ठेवतो. आता रात्रीचा काळजीवाहक कुठं टाकायचा? तो कुलूप लावतो, म्हणून आस्थापना. रात्री दोनला अंथरुणात परसाकडं झालेल्या आजोबांना धुऊन, चादर बदलतो, मळलेली गरम पाण्यात भिजवतो, म्हणून उद्दिष्ट. पगार एकच. मी तो उद्दिष्टात टाकते, ऑडिटरकडचा आर्टिकल, म्हणजे शिकाऊ, पोरगा तो आस्थापनेत ओढतो, आणि आमची सप्टेंबरअखेरपर्यंत रस्सीखेच चालते.

त्या पोराचा दुसरा छंद म्हणजे 'सपोर्टिंग', प्रत्येक खर्चाला कागदी पुरावा. कटिंग-दाढीचं बिल हवं. न्हाव्याकडं बिलबुक नसतं, तो चाळीस डोकी करून जातो. मग छापील व्हाउचर, न्हाव्याची सही, ज्यांची कटिंग झाली त्यांची यादी, सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही. मिरज स्टेशनवरून आणलेल्या आजारी माणसाला रात्री सिव्हिलला नेलेल्या रिक्षाचंही तेच. ब्लँकेट-वाटपाच्या रजिस्टरात एक रकाना 'लाभार्थीचा पूर्ण पत्ता' असा आहे. यावर मी विनोद करत नाही, रकान्यानंच केलाय.

शहरी बेघरांसाठीच्या सरकारी योजनेत निवाऱ्याची मापं नीट आखलेली होती: लाख लोकसंख्येमागं किमान शंभर जणांची सोय, माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा. पुढचा हप्ता मात्र आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. ते खर्च झाल्यावर. आणि हप्ता येईपर्यंत किराणावाल्याची उधारी माझ्या शब्दावर. त्याचा कुणी भाचा सीए नाही, तरी त्याला येणं-देणं चोख कळतं.

जुन्या कपड्यांचा हिशेबही सांगून ठेवते. पोतं आलं की ते बाहेरच उघडायचं, आत नाही. खरजेचा एक कपडा सगळ्या खोलीला पुरतो. तीन ढीग: वापरण्याजोगं, धुऊन वापरण्याजोगं, फडकी. मोजून वस्तू-आवक रजिस्टरात तारीख, देणाऱ्याचं नाव, नग. किंमत नाही. पोच द्यायची ती साध्या लेटरहेडवर, रकमेशिवाय. तिसरा ढीग बहुतेक वेळा सगळ्यात उंच. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत ट्रकांनी जुने कपडे आले होते, तेव्हापासून या गावाला तरी हे वेगळं सांगायला नको होतं.

लागतं काय? पुरुषांच्या चड्ड्या-बनियन, नव्या. आठ-नऊ नंबरच्या रबरी चपला. लुंग्या. मोठ्यांचे डायपर, जे महिन्याच्या वीस तारखेलाच संपतात. फिनेल. यातलं काहीही वाढदिवसाच्या फोटोत चांगलं दिसत नाही. गुलाबजाम दिसतात. एकाच रविवारी तीन वाढदिवस आले की मधुमेही आजोबा रात्रभर जागे आणि सोमवारी इन्सुलिनचं बिल माझ्या टेबलावर.

आणि विजेचं बिल. ते अजून एकाही वाढदिवसाला कुणी दिलेलं नाही. कुणाला द्यायचं असेल तर ग्राहक क्रमांक देते, परस्पर ऑनलाइन भरता येतं. पावती मात्र मग वीज कंपनीची मिळेल.