कागदावर नसलेली बंदी : ॲस्क्विथ झेवियर यांच्याविषयीच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर तुमचं म्हणणं असं: लंडनच्या यूस्टन स्टेशनवर १९६६ साली ॲस्क्विथ झेवियर या कृष्णवर्णीय गार्डाला बदली मिळाली, एवढ्याशा गोष्टीचा इतिहास कशाला करायचा? १९६५ सालीच वर्णभेदाविरुद्ध कायदा झाला होता. काळ्यांना घेऊ नका असा लेखी नियम रेल्वेत नव्हता. आणि आपल्या सभासदांच्या जागा सांभाळणं हे युनियनचं कामच आहे.

लेखी नियमापासून सुरुवात करू, कारण सगळी मेख तिथेच आहे. झेवियर मूळचे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचे. ब्रिटिश रेल्वेत पोर्टर म्हणून लागले आणि लंडनच्याच मेरिलबोन स्टेशनवर गार्डच्या हुद्द्यापर्यंत पोचले. तिथलं काम कमी झालं तेव्हा त्यांनी यूस्टनला बदली मागितली. म्हणजे रेल्वे तीच, हुद्दा तोच, नियमपुस्तकही तेच. गार्ड म्हणजे नुसता हिरवा झेंडा दाखवणारा माणूस नव्हे. गाडी त्याच्या ताब्यात असायची. मध्येच कुठे गाडी अडकली तर मागून येणारी गाडी थांबवण्यासाठी रुळांवरून मागे चालत जायचं, वाटेत रुळांवर डिटोनेटर (चाकाखाली फुटून चालकाला धोक्याचा इशारा देणारे फटाके) ठेवायचे आणि शेवटच्या ठिकाणी दहा-दहा यार्डांवर तीन लावायचे, ही जबाबदारी त्या काळी त्याची. ज्याच्यावर मेरिलबोनला हा भरवसा टाकला होता, तो यूस्टनला नालायक कसा ठरतो? नव्या मार्गाची माहिती तर बदलून येणाऱ्या कुणालाही करून घ्यावीच लागते. पात्रतेचा प्रश्न नव्हताच.

नकार आला तो युनियनच्याच सभासदांच्या स्थानिक कर्मचारी समितीकडून, आणि कारण कातडीचा रंग हे आहे, हे झेवियर यांना युनियनच्या पदाधिकाऱ्याच्या पत्रातून कळलं. अशी बंदी चालते कशी ते बघा. वर रेल्वेचं धोरण स्वच्छ. राष्ट्रीय पातळीवर युनियनही भेदभावाच्या विरोधात. पण जागा कुणाला द्यायची याबाबत स्थानिक समितीच्या मताला वजन, आणि समितीला नको असलेला माणूस घेऊन कामगारांची नाराजी ओढवून घ्यायची व्यवस्थापनाची तयारी नाही. त्यामुळे कुणीच ‘बंदी’ घातलेली नसते, फक्त माणूस घेतला जात नाही. यूस्टनला कृष्णवर्णीय कर्मचारी नव्हते असंही नाही. साफसफाईच्या आणि अंगमेहनतीच्या कामांवर चालत होते. प्रवाशांशी संबंध येणाऱ्या गार्ड किंवा तिकीट तपासनिसाच्या जागेवर चालत नव्हते. गंमत म्हणजे बंदी उठवताना रेल्वेनेच कबूल केलं की ती १९५०च्या दशकापासून होती, आणि वर पुस्ती जोडली की हेतू वर्णभेदाचा नसून नोकऱ्या जपण्याचा होता.

नोकऱ्या जपण्याचा हा युक्तिवाद तुम्हीही केला आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या बसकामगारांकडे बघितलं तर तो नीट तपासता येतो. तिथली बस कंपनीही सरकारी मालकीचीच. बसचालक-वाहक म्हणून गोरेतर नकोत, असा ठराव युनियनच्या स्थानिक प्रवासी विभागाने १९५५ सालीच केलेला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मात्र गोरेतर लोक कामाला होते. आता बसवरच्या माणसाला भीती कसली होती? मूळ पगार तोकडा, घर चालायचं ओव्हरटाइमवर. माणसं कमी म्हणून ओव्हरटाइम मिळतो. भरती झाली की तो आटणार. भीती खरी होती, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. पण गोरा उमेदवार भरती झाला तरी ओव्हरटाइम तेवढाच आटतो, आणि त्याच्याविरुद्ध ठराव झाला नव्हता! तुमच्या मुद्द्यातला सांधा इथे निखळतो. पोट सांभाळायचं तर मूळ पगार वाढवून मागायचा, भरतीचा फाटक एकाच रंगासाठी बंद करायचा नाही.

गाय बेली या १८ वर्षांच्या तरुणाची मुलाखत, तो वेस्ट इंडियन (कॅरिबियन बेटांवरचा) आहे हे कळताच रद्द झाली. त्यावरून तरुण कार्यकर्ते पॉल स्टीफनसन आणि सहकाऱ्यांनी ३० एप्रिल १९६३ रोजी बसबहिष्कार पुकारला. २८ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली. सप्टेंबरमध्ये शहरातला पहिला गोरेतर बसवाहक कामावर रुजू झाला, तो आपला माणूस होता: रघबीर सिंग. आणि सहकाऱ्यांच्या आक्षेपाने चालणारी बंदी मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता, का तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि उष्ट्याचा विटाळ होतो. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला.

आता कायदा. १९६५चा वंशसंबंध कायदा ८ डिसेंबरपासून लागू झाला हे खरं, पण तो वाचला पाहिजे. हॉटेलं, खाणावळी, पब, नाट्यगृहं, सार्वजनिक वाहतूक, म्हणजे लोकांच्या वावराच्या जागा एवढीच त्याची कक्षा. नोकरी नाही, घरभाडं नाही. परिणाम असा की यूस्टनहून सुटणाऱ्या गाडीत कृष्णवर्णीय प्रवाशाला चढू न देणं बेकायदा होतं, पण त्याच गाडीवर त्याला गार्ड म्हणून नाकारणं बेकायदा नव्हतं. झेवियर कोर्टात गेले असते तर पहिल्याच पायरीवर अडले असते.

मग बंदी उठली कशाने? पत्राने. एरवी ‘जागा भरली’, ‘बघू पुढे’ अशी तोंडी उत्तरं मिळतात आणि हाती काही लागत नाही. इथे कारण लेखी आलं. प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं, खासदारांनी वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्याकडे नेलं. रेल्वे सरकारी असल्यामुळे मंत्र्यांना हात झटकता येईनात. १५ जुलै १९६६ रोजी बंदी संपल्याचं जाहीर झालं आणि १५ ऑगस्टला झेवियर यूस्टनला रुजू झाले. या बदलीने त्यांची कमाई आठवड्याला सुमारे १० पौंडांनी वाढणार होती. ‘एवढीशी गोष्ट’ म्हणताना हा आकडाही धरा, आणि त्यांना आलेली धमकीची पत्रंही. कामावर जाताना त्यांना पोलीस संरक्षण लागलं होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, १९६८च्या नव्या वंशसंबंध कायद्याने तरी प्रश्न मिटला का? नोकरी आणि घरं त्याच्या कक्षेत आली, पण पळवाटा राहिल्या. ‘वांशिक समतोल’ राखण्यासाठी उमेदवार नाकारण्याची मुभा मालकाला त्यातच दिलेली होती. शिवाय तक्रारदाराला स्वतः दावा लावता येत नसे. तक्रार या कायद्यासाठीच्या सरकारी वंशसंबंध मंडळाकडे जायची, आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर कोर्टात जायचं की नाही ते मंडळ ठरवणार. नाकारलेल्या उमेदवाराला थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क १९७६च्या कायद्याने मिळाला.