समृद्धीवरचा वेग आणि इथेनॉलवरचा राग

मराठवाड्यातील नातेवाइकांशी आणि मित्रांशी फोनवर बोलताना गाडीचा विषय निघाला, की तो हल्ली इथेनॉलवर येऊन थांबतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून गाडीचे ॲव्हरेज पडले, ही तक्रार जालन्यात आहे, परभणीत आहे आणि उसाच्या लातूर-धाराशिव पट्ट्यातही आहे. ती निराधार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते आणि नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालातच, या इंधनासाठी न घडवलेल्या जुन्या चारचाकींचे ॲव्हरेज अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नमूद आहे. परभणीकडे, जेथे पेट्रोलचा दर राज्यातील चढ्या दरांमध्ये मोडतो, तेथे ही घट खिशाला जाणवणारच. मात्र हीच मंडळी त्याच संभाषणात, समृद्धी महामार्गावर काटा १२० च्या खाली येऊ दिला नाही, हेही अभिमानाने सांगतात आणि या दोन विधानांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही.

संबंध असा आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात : टायरचे घर्षण आणि समोरची हवा. टायरचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ९० किलोमीटरवरून १२० वर गेल्यास वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध पाऊणपटीहून अधिक वाढतो. इंजिन भार पडल्यावर थोडे अधिक कार्यक्षम चालते, म्हणून इंधनाचा खर्च त्याच प्रमाणात चढत नाही. तरीही सर्वसाधारण पेट्रोल गाडीत या दोन वेगांमधील फरक इथेनॉलच्या ६-७ टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातो. टपावर कॅरिअर बांधून सामान लादले असेल, तर आणखी पुढे. मे महिन्यातील मराठवाड्याची तापलेली हवा युरोपातील हिवाळी हवेपेक्षा विरळ असते, त्यामुळे आपल्याकडच्या चालकाला निसर्ग थोडी सूट देतो खरा, पण ती सूट एसी बहुधा गिळून टाकतो. आणि डिझेल गाडीवाल्यांना तर इथेनॉलची सबबही उपलब्ध नाही.

याचा अर्थ गाडी जितकी हळू तितके ॲव्हरेज चांगले, असा मात्र नाही. जुन्या रस्त्यावर खड्डा आला की ब्रेक, ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली की ब्रेक, आणि पुन्हा खालच्या गिअरमध्ये जोर लावणे, असा प्रवास असतो. प्रत्येक ब्रेकबरोबर जाळलेल्या इंधनाचा काही भाग नुसती उष्णता होऊन वाया जातो. वरच्या गिअरमध्ये, ५० ते ८० च्या दरम्यान, धक्क्याविना चालणारी गाडी सर्वांत काटकसरी असते. समृद्धीने आपल्याला धक्क्याविना जाण्याची सोय करून दिली. त्या सोयीतून होणारी बचत आपण वेगात उडवून टाकली, असे माझे मत आहे.

या गोंधळात कागदावरच्या आकड्याचाही वाटा आहे. आपल्याकडे शोरूममध्ये सांगितले जाणारे ॲव्हरेज ज्या भारतीय चाचणीतून आलेले असते, त्या चाचणीत गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. आता युरोपात लागू असलेल्या चाचणीत तो १३० पर्यंत नेला जातो. त्यामुळे १२० ने गाडी हाकून कंपनीच्या आकड्याची अपेक्षा धरणारा ग्राहक फसवला गेल्याची भावना घेऊन घरी येतो आणि दोष पंपावर ढकलतो.

मी जर्मनीत राहतो, म्हणून येथील लोक या बाबतीत शहाणे आहेत असे कोणी समजू नये. येथे २०११ मध्ये १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, तेव्हा इंजिन खराब होईल या भीतीने असंख्य वाहनचालकांनी त्याकडे पाठ फिरवली. आणि येथील द्रुतगती मार्गांच्या सुमारे ७० टक्के लांबीवर आजही वेगाची सक्तीची मर्यादा नाही, १३० हा केवळ सल्ला आहे. तेलसंकटात नोव्हेंबर १९७३ मध्ये सरकारने या मार्गांवर १०० ची मर्यादा घातली, ती मार्च १९७४ मध्ये उठवावी लागली, आणि मुक्त नागरिकांना मुक्त रस्ता हवा, ही वाहनचालकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेची घोषणा त्याच वर्षीची. त्या संघटनेने २०२० मध्ये आपला सरसकट विरोध मागे घेतला, तरी कायदा झालेला नाही. पेट्रोल महागल्याबद्दल कुरकुर करणारा आणि डाव्या लेनमधून १६० ने सुसाटणारा माणूस येथेही एकच असतो.

मर्यादा घटवल्याने सगळे साधते असेही दिसत नाही. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे १२० ची मर्यादा ११० वर आणल्यास, सर्वांनी ती काटेकोर पाळली तर, १२ ते १८ टक्के इंधन वाचू शकते. माणसे प्रत्यक्षात जशी गाडी चालवतात ते धरले, तर बचत २-३ टक्क्यांवर येते. म्हणून समृद्धीची मर्यादा कमी करा, अशी मागणी मी परदेशात बसून करणार नाही. नागपूरला रुग्ण घेऊन निघालेल्या जालन्याच्या कुटुंबाला चारशे किलोमीटरमागे वाचणारी चाळीस मिनिटे मोलाची आहेत, आणि १०० व १२० मधील फरक नेमका तेवढाच आहे. लग्नाला निघालेल्यांना ती कितपत मोलाची आहेत, हे ज्याचे त्याने ठरवावे. उलट २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गांवर १४० पर्यंत जाऊ देण्याच्या बाजूने मत मांडले होते, त्याला माझा विरोध आहे, आणि अपघातांचे कारण बाजूला ठेवले तरी तो राहील : आयात तेलाचे बिल कमी करण्यासाठी उसाचे इथेनॉल मिसळायचे आणि तेच तेल वेगापायी हवेत सोडायचे, हे धोरण म्हणून टिकणारे नाही.

कमी इथेनॉलचे पेट्रोलही पंपावर उपलब्ध असावे, ही गावाकडची मागणी मला रास्त वाटते. जर्मनीत ५ आणि १० टक्क्यांचे पेट्रोल शेजारी शेजारी मिळते. त्या मागणीला आणखी एक जोडावी : प्रत्येक नव्या गाडीचे ९०, १०० आणि १२० या स्थिर वेगांवरचे ॲव्हरेज कंपनीने छापून द्यावे. तोवर ज्याला पडताळायचे आहे त्याने जालन्यात टाकी फुल करून ९० ने नागपूर गाठावे, तेथे पुन्हा फुल करावी, परतताना १२० ठेवावे आणि जालन्यात किती लिटर बसते ते पाहावे. टायरमधील हवा, सामान आणि माणसे दोन्ही वेळा सारखीच असावीत. वारा जोराचा असेल त्या दिवशी मात्र हा हिशेब करू नये.